सरकता काठ

औशापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांब आहे. पण काठाकाठाने हिंडणे, पाण्याने मागे ठेवलेल्या वस्तू न्याहाळणे आणि हिवाळी पाखरांचे फोटो काढणे या छंदाला समुद्रच लागतो असे नाही. पाण्याचा काठ लागतो, आणि तो एका जागी न थांबणारा लागतो. कोकणात हे काम भरती-ओहोटी दिवसातून दोनदा करते. औसा तालुक्यात ते ऊन, वारा आणि कालव्याची आवर्तने मिळून करतात. फरक एवढाच, की इथली ओहोटी पावसाळा सरल्यावर लागते ती पुढचा पाऊस येईपर्यंत थांबत नाही.

तालुक्याच्या उत्तर अंगाने तावरजा वाहते, दक्षिण अंगाने तेरणा. दोघी पुढे मांजरेला मिळतात आणि मांजरा गोदावरीला. तावरजेवर मध्यम प्रकल्प आहे, तेरणेवर किल्लारीच्या वरच्या अंगाला माकणीचे धरण आहे, आणि गावोगावचे पाझर तलाव व साठवण तलाव वेगळेच. ही सगळी उथळ, पसरट पाणी आहेत. पठार सपाट असल्यामुळे डोंगरी धरणासारखी इथे उभी कड नसते. शंभर पावलांमागे एक पाऊल एवढाच उतार धरला, तर पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की काठ एक मीटर मागे जातो. हिवाळ्यात नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला तीन-चार मिलिमीटर पाणी उडते. म्हणजे कोणी थेंबभर उपसा केला नाही तरी रोज हातभर नवा चिखल उघडा पडतो, आणि रब्बीसाठी कालवा सुटला की काठ पाहता पाहता लांब जातो.

काठाने चालताना चिखलावर एकामागे एक रेघा दिसतात. काड्या, शेवाळ, बाभळीच्या शेंगा, पिसे आणि शंख-शिंपले यांच्या त्या बारीक माळा असतात. पाणी जिथे जिथे चार दिवस टेकले, तिथे लाटांनी एकेक रेघ लावून ठेवलेली असते. पाण्याकडून वर चढत गेलात की तुम्ही जानेवारीतून डिसेंबरात, डिसेंबरातून नोव्हेंबरात जात असता. सर्वांत वरच्या पट्ट्यात गाळपेर दिसते. बुडीत क्षेत्रातली उघडी पडलेली ही जमीन पाटबंधारे खात्याकडून हंगामापुरती कसायला मिळते. पाणी जसे हटेल तसा शेतकरी खाली सरकत पेरत जातो, म्हणून एकाच तुकड्यात वर घाटे धरलेला हरभरा आणि खाली नुकता उगवलेला हरभरा शेजारी शेजारी उभा असतो.

पाखरेही याच हिशेबाने उतरतात. चिखलात डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या खच्चून भरलेल्या असतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. प्राणवायू कमी असलेल्या गाळात त्या याच्याच जोरावर जगतात. पाणी खोल असते तोवर त्या कोणाच्या चोचीला लागत नाहीत. काठ मागे सरला की कालपर्यंत वीतभर पाण्याखाली असलेला गाळ आज बोटभर पाण्याखाली येतो आणि पंगत बसते. या पंगतीत प्रत्येकाची जागा त्याच्या पायांनी ठरवलेली असते. शेकाट्या त्याच्या वीतभर लांब गुलाबी पायांवर पोटापर्यंतच्या पाण्यात उभा राहतो. त्याच्या अलीकडे, घोट्याएवढ्या पाण्यात, तुतवार चोच खुपसत फिरतात. पाणी संपून नुसती ओल राहते तिथे चिखल्या धावतो, थबकतो, टोच मारतो, पुन्हा धावतो. सुकत आलेल्या पापुद्र्यावर धोबी शेपूट हलवत माश्या टिपतात. भेगाळलेल्या जमिनीवर चंडोल असतात, आणि त्यांचा रंग मातीत असा मिसळून जातो की उडेपर्यंत ते दिसत नाहीत. पाण्यापासून हरभऱ्यापर्यंतच्या पन्नास-साठ पावलांत हा सगळा संसार मांडलेला असतो. कॅमेरा असणाऱ्याने आधी हे पट्टे डोळ्यांत भरून घ्यावेत. कुठला पक्षी कुठे येणार हे कळले, तर त्याच्या मागे धावावे लागत नाही. त्याच्या पट्ट्यात आधी जाऊन बसले की पुरते.

या पंगतीतल्या आणखी एका पाखराकडे, टिलव्याकडे, मुद्दाम पाहावे. चिमणीएवढा, राखी-तपकिरी, वजन जेमतेम 25 ग्रॅम. घरटे करतो उत्तर ध्रुवाजवळच्या सैबेरियातल्या टुंड्रात, आणि हिवाळा काढायला आपल्या तळ्यांवर येतो. ज्या पाण्याच्या आवर्तनासाठी औशाचा शेतकरी कालव्याकडे डोळे लावून बसतो, त्याच पाण्याच्या उतरत्या काठावर या जिवाचा परतीचा प्रवास अवलंबून असतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्याला अंगावर चरबीचा साठा करायचा असतो, कारण पुढे हजारो किलोमीटरांत तेवढेच इंधन. थवा उगाच उडवून लावला की त्याची त्या दिवसाची कमाई आपण खर्च करून टाकतो. फोटोसाठी खडा मारून थवा उठवणारे लोक मी पाहिले आहेत. पाखरे उडताना छान दिसतात हे खरे, पण ती दिवसातून अनेकदा आपणहून उडतात. बसून राहणाऱ्याला ते मिळते.

हिवाळ्याच्या उजेडाविषयी थोडे. 22 डिसेंबरच्या आसपास औशात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 48 अंशांच्या वर जात नाही. मे महिन्यात तो डोक्यावर येतो आणि सगळे रंग धुऊन टाकतो. हिवाळ्यात तिरपे ऊन सकाळी बराच वेळ टिकते आणि दुपारी साडेतीननंतर पुन्हा मिळते. सूर्योदय सातच्या आत-बाहेर होतो. त्याच्या अर्धा तास आधी जागेवर बसलेले बरे, कारण उजाडल्यावर चालत येणारा माणूस पाखरांना फर्लांगभरावरून दिसतो आणि अंधारात आधीच येऊन बसलेल्याकडे ती थोड्या वेळाने दुर्लक्ष करू लागतात. थंडीतून कॅमेरा थेट गाडीच्या उबेत नेला की काचेवर दव धरते. परतताना तो थंडीतच पिशवीत बंद करावा आणि उबेत अर्धा तास तसाच राहू द्यावा. दहानंतर जमीन तापू लागते, काठावरची हवा थरथरते आणि लांबचा कोणताही फोटो स्पष्ट येत नाही. मग कितीही महागडी लेन्स असो, उपयोग नसतो.

काठावरच्या पक्ष्याचा फोटो उभ्याने काढू नये. पोटावर झोपून, कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला की दोन गोष्टी होतात. चिखल्याच्या मागचा चिखल आणि पाणी धूसर होऊन जाते व त्याचा डोळा उठून दिसतो. आणि जमिनीला टेकलेला माणूस पक्ष्यांना कमी धोक्याचा वाटतो. बगळा किंवा शेकाट्या काढताना प्रकाश थोडा कमी करावा, नाहीतर पांढऱ्या पिसांची जाळी उडून कोरा कागद उरतो. मातकट रंगाचे जुने गोणपाट अंगाखाली आणि अंगावर घेतले की काम भागते.

आपण जास्त जवळ गेलो हे पाखरेच सांगतात. चरणाऱ्या थव्यातल्या सगळ्यांच्या माना एकदम वर आल्या आणि सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला वळली की जागेवर थांबावे. तरीही ती पाठ फिरवून चालू लागली तर मागे यावे. पाण्यातल्या वारकऱ्यांवरही नजर असू द्यावी. काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला हा पक्षी एरवी पाण्यावर विखरून पोहत असतो. सगळे वारकरी अचानक एकमेकांना खेटून गोळा झाले तर आभाळाकडे बघावे. बहुधा दलदली भोवत्या पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून पाण्यावरून खालून तरंगत येत असतो. शिकारी पक्ष्याचा फोटो हवा असेल तर आभाळात शोधत बसण्यापेक्षा वारकऱ्यांना विचारलेले लवकर कळते.

काठापलीकडच्या माळरानावरच्या हरणांबद्दलही थोडक्यात सांगतो. मराठवाड्यातले काळवीट पायी येणाऱ्या अनोळखी माणसाला फार लवकर बुजतात, पण बैलगाडीला आणि रोजच्या वाटेने जाणाऱ्या ट्रॅक्टरला सरावलेले असतात. त्यामुळे ओळखीच्या शेतकऱ्याच्या गाडीत, वैरणीआड बसून जे फोटो मिळतात ते मोटारीतून उतरून मिळत नाहीत.

ऊन चढून फोटोंचे काम थांबले की खाली पाहायला सुरुवात करावी. मला या दिवसातला हा भाग जास्त आवडतो. डोळ्याला लेन्स लावली की नजर लांब जाते आणि पायाखालचे सुटते.

पहिली नजर शिंपल्यांवर जाते. काठावर तळहाताएवढे, बाहेरून काळपट-हिरवे आणि आतून मोतिया झाक असलेले शिंपले पडलेले असतात. गोड्या पाण्यातला हा जीव गाळात अर्धा रुतून राहतो आणि पाणी गाळून खातो. त्याला धड चालता येत नाही. तरी माणसाने काल-परवा बांधलेल्या तलावात तो पोचतो, आणि तो माशाच्या अंगावर बसून. मादी आपली सूक्ष्म पिले पाण्यात सोडते, ती माशाच्या कल्ल्यांना चिकटतात, काही दिवस तिथे वाढतात आणि मग सुटून तळाशी पडतात. धरणात मासा आला म्हणजे शिंपला आलाच. शिंपल्याच्या पाठीवरच्या कंगोऱ्यांत गडद रेघा दिसतात. वाढ थांबली तिथे त्या उमटतात, म्हणून टंचाईचे दिवसही शिंपल्याच्या अंगावर राहून जातात.

एका काठावर शिंपल्यांचे आणि मोठ्या गोगलगायींच्या शंखांचे ढीगच ढीग होते, आणि मी त्यांच्यापाशी बसून होतो. जाळे सुकवत असलेले एक मासेमार जवळ आले.

“काय धुंडूलालाव, सर?”

“हे शिंपले, मामा. एवढे एका जागी कसे?”

“ती पाखराची पंगत हाय. चोचीत फट असलेला बगळा ऱ्हातो बघा मोठा, त्येची. फोडत न्हाई, उघडतो. बघा, येक बी फुटका न्हाई.”

खरेच एकही फुटका नव्हता. हा पक्षी म्हणजे मुग्धबलाक. मिटलेल्या चोचीतही मधोमध फट राहते असा करड्या-पांढऱ्या रंगाचा करकोचा. पाण्यात चोच बुडवून तो शंखाच्या झाकणाशी खालच्या चोचीचे टोक घालतो, आतला स्नायू कापतो आणि मांस अख्खे ओढून काढतो. शंख जसाच्या तसा राहतो. खेकड्याने खाल्लेल्या शंखाची कड कुरतडलेली असते. रिकाम्या शंखाची कड पाहून जेवून कोण गेले ते सांगता येते, आणि त्या मामांना हे पुस्तकाशिवाय येत होते.

शिंपल्यांच्या पलीकडे दगड. औशातले दगड वाचायला एक सोपी किल्ली आहे, आणि ती या तालुक्याने फार मोठी किंमत देऊन मिळवली आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी औसा तालुक्यातल्या किल्लारी परिसरात 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गेली. अभ्यासक ज्या प्रदेशाला स्थिर समजत होते तिथे हे घडले, म्हणून जमिनीखाली काय आहे ते पाहण्यासाठी किल्लारीजवळ 617 मीटर खोल विवर घेण्यात आले. वरचे 338 मीटर काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्याखाली गाळाच्या खडकाचा 8 मीटरांचा पातळ थर. त्याखाली सुमारे अडीचशे कोटी वर्षे जुना, पठाराचा मूळ पाया. काळा पाषाण मात्र त्या मानाने अलीकडचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा.

याचा काठावर हिंडणाऱ्याला होणारा उपयोग असा. इथे सापडणारा जवळजवळ प्रत्येक नैसर्गिक दगड या 338 मीटरांतला असणार, किंवा त्यापासून झालेल्या मातीतला. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत सिलिका आणून भरली आणि गारा, गारगोट्या, पट्टेदार अकीक तयार झाले. काही पोकळ्यांत पांढरे, सुईसारखे किंवा पाकळ्यांसारखे झिओलाइट वाढले. काळा पाषाण झिजून माती होतो, गारगोटी झिजत नाही, म्हणून पाण्याच्या काठाला शेवटी तीच उरते. काळ्या मातीत चुनखड्याचे ओबडधोबड खडे होतात, तेही काठावर पांढरे चमकतात. एवढी चार-पाच माणसे ओळखीची झाली की त्यांच्यात न बसणारा पाहुणा लगेच डोळ्यांत भरतो. इथल्या खडकात न बसणारी वस्तू कोणीतरी आणलेली असते, किंवा ती कधीकाळी जिवंत होती.

आणलेल्या वस्तूंत पहिली येते ती माणसाच्या हाताची खूण. गारगोटीचा नखाएवढा पातळ, लांबट छिलका सापडला तर तो उन्हाकडे तिरपा धरून पाहावा. पाण्याने फुटलेल्या गारेचे तुकडे वेडेवाकडे असतात. माणसाने नेमका घाव घालून काढलेल्या छिलक्याला घावाच्या जागी खाली एक लहानसा फुगवटा असतो आणि तिथून पुढे पाण्यावरच्या तरंगांसारख्या बारीक कडा पसरत जातात. अंगठा फिरवला तर त्या जाणवतात. मांजरेच्या खोऱ्यात अश्मयुगापासूनची अशी हत्यारे मिळालेली आहेत. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत हे छिलके ओळीने बसवून बाण आणि विळे केले जात.

आणि एकदा जिवंत असलेल्या वस्तू. मांजरेच्या काठांना काही ठिकाणी चुन्याने घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांचे थर दिसतात. लातूर जिल्ह्यातल्या हरवाडी आणि गांजूर इथल्या थरांत आणि वर धनेगावच्या परिसरात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना हाडांचे जीवाश्म मिळाले. डॉ. विजय साठे यांनी या खोऱ्यावर दीर्घ काम केले आहे. हजारो वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या काळात इथे वावरणाऱ्या जनावरांची ही हाडे. त्यांत आजच्या हत्तीहून मोठा असा नामशेष झालेला हत्ती आहे, रानबैल आहे, घोडा आहे, मगर आणि कासव आहे, आणि पाणघोडाही आहे.

पाणघोड्यापाशी मला थांबावेसे वाटते. या जनावराचा दिवस पाण्यात जातो. उन्हात फार वेळ राहिला तर त्याची कातडी सुकून भेगाळते. त्याला बारमाही डोह लागतो आणि रात्री चरायला काठावर भरपूर गवत लागते. मांजरेच्या खोऱ्यात तो होता, म्हणजे मांजरेला उन्हाळ्यातही खोल पाणी होते. याच मांजरेवरचे धनेगावचे धरण 2016 मध्ये कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी 12 एप्रिलला पोचली. तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात धरणांचे तळ उघडे पडले होते, आणि काठ वेचणाऱ्याला पाहण्यासारखे पुष्कळ होते. पण तळाशी उभे राहून, डोक्यावर कळशा घेऊन चाललेल्या बायका दिसत असताना खाली पाहायला मन होत नव्हते. नदी बदलते, हवामान बदलते, पाऊस मागेपुढे होतो, हे हाडे सांगतात. धरणातले पाणी कोणत्या पिकाला किती द्यायचे हा प्रश्न मात्र आपला आहे, आणि उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याने तो टाळू नये.

तेरणेच्या काठाचे वाचन आणखी वेगळे. ही नदी औसा तालुक्यात येण्याआधी तेर गावावरून येते. औशापासून तेर सरळ रेषेत चाळीस किलोमीटरही नाही. गोरा कुंभारांचे गाव म्हणून ते वारकऱ्यांना ठाऊक आहे. त्याच्या फार आधी, सातवाहन काळात, ते तगर नावाने रोमपर्यंत ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे शहर म्हणून तगरचा उल्लेख आहे. तिथून साधे कापड, मलमल आणि इतर माल गाड्यांनी भडोचच्या बंदरात जाई, आणि समुद्रकाठच्या मुलखातला मालही तगरला येत असे, असे त्यात लिहिले आहे. तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मिळतात ते याचेच पुरावे. समुद्रातला जड शंख आणून, त्याचे आडवे काप काढून, आतून घासून बांगडी केली जाई. तुकड्याला अजून ती चकाकी असते. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही तेरला मिळाली. तशाच घडणीची मूर्ती इटलीत, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पॉम्पेई शहरात 1938 साली सापडली होती. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या या नदीकाठावर समुद्राच्या दोन्ही टोकांची खूण मिळते.

हे सगळे आज पाहायला मिळते याचे श्रेय सर्वांत आधी तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांना द्यायला हवे. गावातले व्यापारी होते ते. पावसाने पांढरीची माती धुपली की मणी, नाणी, मृण्मूर्ती, खापरे वर येत. लोक ती पायदळी तुडवत किंवा कोणी बाहेरचा चार पैसे देऊन घेऊन जाई. लामतुरेंनी वर्षानुवर्षे यातली एकेक वस्तू जमवली आणि गावाबाहेर जाऊ दिली नाही. त्यांच्या हजारो वस्तूंच्या संग्रहातून तेरला त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. छंद म्हणून सुरू झालेली वेचणी एवढ्या मोलाची ठरू शकते. पण त्यातले खरे मोल त्यांनी वस्तू जिथल्या तिथे, तेरमध्ये, राखल्या यात आहे. तोच मणी मुंबईच्या एखाद्या दिवाणखान्यात काचेच्या वाटीत पडला असता तर तो नुसता एक लाल मणी झाला असता.

म्हणून काठावर सापडलेल्या वस्तूंचे काय करायचे हे आधी ठरवून निघावे. सुटी गारगोटी, रिकामा शिंपला खिशात घातला तर कोणाचे बिघडत नाही. हाड, हत्यार, मणी, नाणे, मूर्तीचा तुकडा यांना हात लावण्याआधी फोटो काढावा. आधी लांबून, मागचे झाड किंवा बांध येईल असा, म्हणजे जागा पुन्हा सापडते. मग जवळून, शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून, म्हणजे आकार कळतो. फोनमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत. थरात रुतलेली वस्तू उकरून काढू नये, कारण तिचे वय तिच्या भोवतीच्या मातीतून कळते. पुरावशेष आणि कलावस्तूंचा 1972 चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू आहे, आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन 1878 च्या निखात निधी अधिनियमापासून आहे. 1972 चाच वन्यजीव संरक्षण कायदा अंडी, घरटी आणि शिंगांना हात लावू देत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, तेरचे संग्रहालय इतके जवळ असताना फोटो आणि जागा तिथे कळवणे हीच साधी रीत आहे.

दिवस निवडता येत असेल तर मार्गशीर्ष अमावस्या निवडावी. वेळा अमावस्या, इथल्या बोलीत येळवस. लातूर-धाराशिवच्या या टापूत त्या दिवशी गावे रिकामी होतात आणि सगळा मुलूख रानात असतो. कडब्याची कोप उभी करतात, आत चुन्याने रंगवलेल्या दगडांचे पांडव मांडतात, पूजा करतात. मग भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची आंबिल. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, हंगामातल्या ताज्या शेंगा, पाले आणि फळभाज्यांची बेसन लावून केलेली दाट भाजी. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. गाळपेर करणाऱ्यांच्या कोपी तर थेट पाण्याच्या काठाशी असतात. माणसे जास्त असल्याने पाखरे त्या दिवशी थोडी लांब राहतात, पण जुना काठ कुठपर्यंत होता, कोणत्या साली कुठले शेत बुडाले, कुठल्या बांधात गोटे निघाले, हे सांगणारी माणसे एरवी एवढी एका जागी भेटत नाहीत.

ऊन कलले की ज्वारीकडे वळावे. हुरड्यात आलेल्या कणसांवर भोरड्या येतात. अंग गुलाबी, डोके आणि पंख काळे. विणीचा काळ त्या मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात, टोळ खाऊन काढतात, आणि हिवाळा आपल्या ज्वारीवर. हजारोंचा थवा एका वावरात उतरतो तेव्हा राखणीला बसलेल्याची गोफण आणि पत्र्याचा डबा थांबत नाही. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि ते मोजले पाहिजे. त्याच भोरड्या शेतातल्या अळ्या आणि नाकतोडेही खातात, तेही मोजले पाहिजे. संध्याकाळी मुक्कामाच्या झाडांवर जाण्याआधी थवे आभाळात एकत्र होतात आणि पुन्हा पुन्हा वळतात. तेव्हा लांब लेन्स काढून ठेवावी. रुंद चौकटीत आभाळ, ज्वारीचा शेंडा आणि थव्याचा एक मोठा लोट येतो. सूर्य समोर ठेवून काढला तर थवा काळा आणि आभाळ केशरी. पाठीशी ठेवला तर वळणावर क्षणभर सगळा थवा गुलाबी होतो. दुसरा फोटो अवघड आहे आणि तोच काढण्यासारखा आहे.

घरी आल्यावर फोटो निवडण्याआधी यादी लिहावी. तारीख, वेळ, जागा, पाणी कुठवर होते, कोणता पक्षी किती. सुंदर फोटो न आलेल्या पक्ष्यांचीही नोंद करावी. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. 1987 पासून भारतातल्या पाणथळ जागांवर हौशी माणसेच ती करत आली आहेत. जायकवाडी, उजनी अशा मोठ्या पाण्यांवर मोजायला लोक पुष्कळ जातात. तालुक्याच्या लहान तलावांवर फारसे कोणी जात नाही. शाळेतली दोन मुले, एक दुर्बीण आणि एक वही एवढ्यावर एक तलाव मोजून होतो. सकाळी साडेसातपासून साडेनऊपर्यंत, सूर्य पाठीशी ठेवून, दर जानेवारीत त्याच काठावरून. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजून तेवढी जागा डोळ्यांत धरावी आणि मग थव्यात ती किती वेळा बसते ते पाहावे. आकडे ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर घालावेत, आणि पाण्याची पातळी शेजारी लिहायला विसरू नये, कारण पुढच्या जानेवारीत पाखरे कमी दिसली तर पहिला प्रश्न तोच असेल.